क्षमा, माफी आणि सूट

कोशकारांनी समानार्थी म्हणून शेजारी शेजारी बसविलेले शब्द बहुधा समानार्थी नसतात, हे भाषा शिकविण्याचा व्यवसाय पत्करलेल्या प्रत्येकास लवकरच कळून येते. नामांच्या बाबतीत हा भेद फारसा नडत नाही. कमळास पद्म म्हटले काय आणि पंकज म्हटले काय, तळ्यात फुललेले फूल एकच असते. क्रियापदाची गोष्ट निराळी आहे. क्रियापद हे नुसते कृतीचे नाव नव्हे. ती कृती कोणी करावयाची, कोणाच्या संबंधाने करावयाची, ती करण्याचा अधिकार कोणास आहे, आणि ती घडण्यापूर्वी काय घडून गेलेले असले पाहिजे, एवढा सगळा व्यवहार त्याच्या पोटात असतो. यास्तव एका क्रियापदाच्या जागी दुसरे घातले म्हणजे केवळ शैली बिघडते असे नाही. कित्येक वेळा न्यायही बिघडतो. आमचे हे म्हणणे काही वाचकांस अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजी भाषेत ‘एक्सक्यूज’, ‘फर्गिव्ह’, ‘पार्डन’, ‘कन्डोन’, ‘रेमिट’ आणि ‘वेव्ह’ अशी सहा क्रियापदे आहेत. परभणी जिल्ह्यातील आमच्या वर्गांतून या सहा क्रियापदांची सहा वाक्ये भाषांतरास घातली, तर बहुतेक वह्यांत सहाही ठिकाणी ‘माफ करणे’ हेच उत्तर सापडते. यात विद्यार्थ्यांस दोष देता येत नाही, कारण आपली रोजची भाषाच तशी बोलते. रस्त्यात कोणास धक्का लागला तर आपण ‘माफ करा’ म्हणतो. राष्ट्रपती एखाद्याची फाशी ‘माफ’ करतात. अपील दाखल करण्यास उशीर झाला तर वकील ‘विलंब माफी’चा अर्ज देतो. आपल्याच सोबत्यांविरुद्ध साक्ष देण्यास तयार झालेला आरोपी ‘माफीचा साक्षीदार’ होतो. पाऊस बुडाला म्हणजे परीक्षेचे शुल्क ‘माफ’ होते, आणि निवडणूक जवळ आली म्हणजे कर्ज ‘माफ’ होण्याची वार्ता येते. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला व सर्व महाराष्ट्रभर रुळला. आमच्या मराठवाड्यात तर सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपेपर्यंत कचेरीची व न्यायालयाची भाषा उर्दू असल्यामुळे तो अधिकच घट्ट बसला. ज्या अरबी धातूपासून तो निघाला, त्याचा एक अर्थ पुसून टाकणे असा आहे. ही प्रतिमा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाटीवर अपराध लिहिलेला होता, की नुसता रुपयांचा आकडा होता, की हुकलेली तारीख होती, हे पुसणाऱ्या हातास विचारावे लागत नाही. पाटी कोरी झाली म्हणजे त्याचे काम संपले.

आता ती सहा क्रियापदे एकेक करून पाहू.

‘एक्सक्यूज’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ आरोपातून बाहेर काढणे असा आहे. गोष्ट वाईट घडली खरी, परंतु ती घडण्यास या मनुष्यास पूर्णपणे जबाबदार धरता येत नाही, असे जेव्हा म्हणावयाचे असते, तेव्हा हे क्रियापद येते. ऑक्सफर्ड येथील तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली सबबींविषयी जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यात त्यांनी समर्थन आणि सबब यांमधील भेद स्पष्ट केला आहे. समर्थन करणारा म्हणतो की, मी हे केले, आणि केले ते योग्यच केले. सबब सांगणारा म्हणतो की, झाले ते वाईट झाले, पण ते मी केले असे सरसकट म्हणू नका. सबब खरी ठरली, की दोषच उरत नाही. आणि जेथे दोष नाही, तेथे क्षमेसही जागा नाही.

हा विवेक आपल्याकडे नव्हता असे कोणी समजू नये. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिरास प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगते. सदैव उग्रताही हिताची नाही आणि सदैव क्षमाही हिताची नाही, असे सांगून प्रल्हाद क्षमेची स्थाने मोजून दाखवितो. ज्याने पूर्वी मोठा उपकार केला त्याचा अपराध सोसावा. अज्ञानाने घडलेला अपराध सोसावा. आणि कोणाचाही पहिला अपराध सोसावा, दुसरा मात्र सोसू नये. बारकाईने पाहिले तर ही तीन निरनिराळी कृत्ये आहेत. उपकारकर्त्याच्या बाबतीत मागचे देणे आणि आजचा अपराध यांची वजावट आहे. अज्ञानाच्या बाबतीत दोषच फिका झाला आहे. पहिल्या अपराधाच्या बाबतीत मात्र दोष पुरता शाबूत आहे, आणि तरीही तो सोडून दिला आहे. खरी क्षमा काय ती ही तिसरी.

इंग्रजीतील ‘फर्गिव्ह’ ते या तिसऱ्याच स्थानी. या क्रियापदास अपराध लागतो, अपराधी लागतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो मनुष्य लागतो. त्या मनुष्यावाचून इतर कोणासही ते वापरण्याचा अधिकार नाही. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि चोरास आम्ही क्षमा केली, असे आम्ही म्हणू लागलो तर लोक हसतील. भागवतात अश्वत्थाम्यास बांधून आणल्याची कथा आहे. द्रौपदीचे पाचही पुत्र त्याने झोपेत मारले होते. त्याचा वध करावा असे भीम म्हणत असता, त्यास सोडा, त्याच्या आईने माझ्यासारखे रडू नये, असे द्रौपदी म्हणते. तिने त्याच्या कृत्यास सबब शोधली नाही, ते लहान केले नाही, आणि ते विसरलीही नाही. जिचे दुःख होते तीच बोलली, म्हणून त्या बोलण्यास मोल आले. तेच शब्द सभेतील दुसऱ्या कोणी उच्चारले असते तर ती क्षमा न होता आगाऊपणा झाला असता.

‘पार्डन’ या शब्दाचे कूळ पाहिले तर तो ‘फर्गिव्ह’चाच भाऊ निघतो. दोहोंचाही मूळ अर्थ पूर्णपणे देऊन टाकणे असा आहे. एक जर्मानिक घरात वाढला, दुसरा लॅटिनमधून फ्रेंचच्या मार्गाने राजदरबारी आला. परंतु दरबाराने त्याचा स्वभाव पालटला. ‘पार्डन’ करतो तो दुखावलेला मनुष्य नव्हे, तर दंड देण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे तो. त्यास राग आलेला असण्याची गरज नाही, आणि राग गेलेला असण्याचीही नाही. आपल्या संविधानाच्या ७२ व्या व १६१ व्या अनुच्छेदांत राष्ट्रपती व राज्यपाल यांस हा अधिकार दिलेला आहे, आणि तेथील इंग्रजी शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. शिक्षा समूळ नाहीशी करणे निराळे, ती काही काळ लांबणीवर टाकणे निराळे, तिचे स्वरूप तेच ठेवून मुदत कमी करणे निराळे, आणि फाशीच्या जागी जन्मठेप घालणे निराळे. वर्तमानपत्रात मात्र या सर्वांची मिळून ‘फाशी माफ’ एवढीच बातमी होते, आणि मृताच्या घरच्यांस वाटते की, आपल्या वतीने कोणी परस्पर क्षमा करून टाकली. तसे झालेले नसते. राज्याने आपला दंड मागे घेतलेला असतो. त्यांची क्षमा अजून त्यांच्यापाशीच असते, आणि ती द्यावयाची की नाही हे सर्वस्वी त्यांनीच ठरवावयाचे असते.

‘कन्डोन’ हे या सहांतील सर्वांत निसरडे क्रियापद आहे. दोष ठाऊक असून तो जणू घडलाच नाही अशा रीतीने पुढे चालणे, असा त्याचा भाव आहे. विलंबाच्या अर्जात तो निरुपद्रवी असतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे पुरेसे कारण दाखविले की न्यायालय उशिराकडे डोळेझाक करते. परंतु हाच शब्द १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमातही आहे. क्रूरतेच्या कारणावरून विवाहविच्छेद मागणाऱ्या पक्षाने ती क्रूरता ‘कन्डोन’ केलेली नसावी, अशी तेथे अट आहे. आता आपल्या खेड्यांतील स्थिती पाहा. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली बाई मुलांच्या ओढीने, किंवा भावाच्या घरी आपला भार नको म्हणून, पुन्हा सासरी जाते. पुढे कधी तिने न्यायालयाची पायरी चढली, तर समोरचा वकील म्हणतो की, हिने सर्व माफ केले होते. तिने काय केले होते? तिने सोसले होते.

येथे आपल्या ‘क्षमा’ या शब्दाचाही हिशेब घेणे प्राप्त आहे. संस्कृतातील ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सोसणे, सहन करणे असा आहे, आणि सर्वांचा भार सोसणारी म्हणून पृथ्वीस ‘क्षमा’ हे नाव आहे. ही कल्पना उदात्त आहे खरी. क्षमा हे दुबळ्याचे लक्षण नसून समर्थाचे आहे, हे त्याच धातूपासून झालेला ‘सक्षम’ हा शब्द आपणांस सांगतो. पण या उदात्ततेच्या आड एक गैरसमजही नांदत आला आहे. जी बोलत नाही ती क्षमाशील, जी सोसते तिने क्षमा केली, असे आपण सोयीस्करपणे धरून चालतो. सोसण्यास दुसरा मार्ग नसणे पुरते. क्षमा करण्यास मात्र न करण्याचीही मोकळीक असावी लागते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकारास क्षमा हे नाव देणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय.

उरली दोन क्रियापदे, ‘रेमिट’ आणि ‘वेव्ह’. ‘रेमिट’ म्हणजे येणे असलेली रक्कम वा भोगावयाची शिक्षा संपूर्ण वा अंशतः कमी करणे. ‘वेव्ह’ म्हणजे आपला हक्क असून तो आपण होऊन सोडणे. या दोहोंचे वैशिष्ट्य असे की, ‘वेव्ह’ या क्रियेस समोरच्याचा अपराध लागतच नाही, आणि रकमेच्या संबंधाने योजिले असता ‘रेमिट’सही लागत नाही. मराठीत यांस उत्तम देशी शब्द आहेत : सूट देणे, सोडून देणे. ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द तर खेड्यातील अक्षरशत्रू मनुष्यासही कळतो. भावांच्या नावे असे पत्र करून देणाऱ्या बहिणी कोणत्या गावी नाहीत? आपण भावांस माफ केले असे त्यांतील एकही म्हणत नाही. आपला वाटा सोडला, असेच ती म्हणते. तिचे क्रियापद अचूक असते. मात्र तो वाटा तिने मोकळ्या मनाने सोडला की माहेर तुटू नये म्हणून सोडला, हा प्रश्न त्या कागदावर उमटत नाही.

‘वेव्ह’चे सर्वांत निर्मळ उदाहरण आपणांस देहूस सापडते. तुकोबांच्या घरी सावकारी होती. वैराग्य आल्यावर त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. परंतु त्या कथेतील दुसरा भाग लोक बहुधा विसरतात. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी त्याच्या स्वाधीन केली. बुडविली ती फक्त आपल्या वाट्याची. आमच्या मते या कथेत एक संपूर्ण नीतिशास्त्र आहे. ऋणको अपराधी होते असे तुकोबांनी म्हटले नाही, म्हणून ती क्षमा नव्हे. देणे खोटे होते असेही म्हटले नाही, म्हणून ती सबबीची मान्यता नव्हे. आपले होते ते सोडले. दुसऱ्याचे होते ते सोडण्याचा मोठेपणा मिरविला नाही.

या सहांखेरीज सातवे एक क्रियापद अलीकडे फार कानी पडते, ते ‘राइट ऑफ’. सरकारी मराठीत त्यास ‘निर्लेखित करणे’ म्हणतात. बँक वसुलीची आशा सुटलेले कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. पण ऋणकोवरील तिचा हक्क कायम असतो व वसुलीचे काम चालू राहू शकते. यास्तव मोठ्या उद्योगांची कर्जे निर्लेखित झाली की ती ‘माफ’ झाली असे म्हणणे अचूक नाही. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की, लहान माणसाची सुटका होते तेव्हा तीस उपकाराचा शब्द मिळतो आणि मोठ्या माणसाची थकबाकी पुस्तकातून निघते तेव्हा तीस जमाखर्चाचा शब्द मिळतो. हा शब्दभेद तांत्रिकदृष्ट्या यथार्थ असला, तरी तो ऐकणाऱ्याच्या मनावर काय संस्कार करतो, याचा विचार कोणी करीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. परभणी हा कोरडवाहू शेतीचा जिल्हा. जायकवाडी व येलदरीचे पाणी काही भागास पोहोचते; उरलेल्या भागातील कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी पावसाच्या मर्जीवर. ज्या प्रदेशात कर्जापायी माणसांनी आपले जीव दिले, तेथे कर्ज सुटण्याच्या क्रियेस कोणते क्रियापद लावावे, हा प्रश्न केवळ वैयाकरणाचा राहत नाही. २००८ साली केंद्र सरकारने जी योजना आणली, तिच्या इंग्रजी नावात ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’ असे दोन शब्द होते. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे पात्र कर्ज सर्व सुटले. त्याहून मोठ्या शेतकऱ्याने पाऊण रक्कम भरल्यास पाव सुटली. गावोगाव दोहोंसही कर्जमाफी हेच नाव पडले. पुढे राज्य सरकारने २०१७ साली दीड लाख रुपयांच्या मर्यादेची योजना काढली, तिच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द घातला. २०१९ च्या अखेरीस दोन लाखांच्या मर्यादेची दुसरी काढली, तिच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द घातला. नावांतील हा पालट आपोआप झालेला नाही. १९८४ साली ज्या शेतकरी संघटनेचे अधिवेशन परभणीस भरले होते, तिचे नेते शरद जोशी यांचा ‘माफी’ या शब्दावरच आक्षेप होता. शेतमालाचे भाव सरकारी धोरणाने पाडले, त्यातून हे कर्ज साचले. मग शेतकऱ्याने गुन्हा कोणता केला की त्यास माफी द्यावी, असा त्या भूमिकेचा आशय होता. त्यांचे अर्थशास्त्र कोणास पटो वा न पटो, त्यांचे व्याकरण बिनचूक होते.

या एका शब्दाने तीन ठिकाणी घोटाळा होतो असे आम्हांस दिसते. पहिला, घेणाऱ्याच्या ठिकाणी. अवर्षणाने पीक गेले ही सबब आहे, आणि खरी सबब असल्यावर दोष उरत नाही. तरीही ‘माफी’ म्हणताच तो मनुष्य अपराध्याच्या रांगेत उभा राहतो व आभार मानू लागतो. दुसरा, देणाऱ्याच्या ठिकाणी. आपला हक्क असेल तोच सोडता येतो, हे आपण देहूस पाहिले. या योजनांत बँकेने आपला सर्व हक्क उदारपणे सोडलेला नसतो. मुख्यतः सरकार सार्वजनिक तिजोरीतून ते देणे फेडते. म्हणजे ही क्षमा नव्हे, सूटही नव्हे; एकाच्या वतीने दुसऱ्यांनी केलेली फेड आहे, आणि ते दुसरे म्हणजे कर भरणारे सर्व लोक, ज्यांत काडेपेटी विकत घेणारा तो शेतकरीही आला. असे असता दातृत्वाचे श्रेय व्यासपीठावरील एका व्यक्तीकडे कसे जाते? तिसरा घोटाळा शेजाऱ्याच्या ठिकाणी. ज्याने दागिने मोडून वेळेवर हप्ता भरला, तो म्हणतो की, मी प्रामाणिक राहिलो म्हणून मूर्ख ठरलो. ही माफी असेल, तर त्याची तक्रार बिनतोड आहे. दोषी सुटला व निर्दोष नागवला गेला. परंतु ही आपत्तीतील मदत असेल, तर तक्रारीचे स्वरूप बदलते. तेव्हा प्रश्न असा होतो की, आपत्ती याच्याही शेतावर आली होती, मग मदतीची मोजणी थकबाकीने का केली आणि नुकसानीने का केली नाही? पहिली तक्रार शेजाऱ्याविरुद्ध जाते, दुसरी धोरणाविरुद्ध. शब्द चुकल्यामुळे एका बांधावरचे दोघे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल की, फेडण्याची ऐपत असून माफीची वाट पाहत बसणारेही आहेत, त्यांचे काय? आहेत, आणि त्यांच्यापुरता ‘माफी’ हा शब्द योग्यच आहे, कारण तेथे दोष आहे. किंबहुना सरसकट एकच शब्द वापरल्याने सर्वांत मोठा लाभ त्यांचाच होतो; नाडलेल्यांच्या गर्दीत ते दिसेनासे होतात. दुसरा आक्षेप असा येईल की, आम्ही इंग्रजीचे स्तोम माजवीत आहोत. तसे नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञही ‘डेट फर्गिव्हनेस’ म्हणतात व तोच घोटाळा करतात. जर्मन भाषेत दोष आणि देणे यांस शब्दच एक आहे. ख्रिस्ती लोकांच्या प्रमुख प्रार्थनेत मत्तयाच्या पाठात ऋण हा शब्द आहे, तर लूकच्या पाठात पाप हा. देणे आणि दोष यांची ही सरमिसळ मनुष्यजातीइतकीच जुनी दिसते, आणि कोणतीही भाषा तिच्यापासून अलिप्त राहिलेली नाही.

आणि मराठीचे दारिद्र्य म्हणावे, तर तेही खरे नाही. पैसेवारी पन्नास पैशांहून खाली आली व टंचाई जाहीर झाली, म्हणजे शासनाचा जो आदेश निघतो तो वाचावा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वसुलीस स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता! एका पानात पाच निरनिराळे शब्द, आणि परीक्षा शुल्काची ‘माफी’ वगळली तर प्रत्येक जवळजवळ आपापल्या जागी. जुन्या महसुली भाषेतही ‘तहकुबी’ व ‘सूट’ यांत कोणी गफलत करीत नसे. यंदा न भरलेला सारा पुढे भरावयाचा की नाही, यावर पोट अवलंबून होते. ज्या भाषेतील कारकुनास हा भेद साधतो, त्या भाषेतील पुढाऱ्यास, संपादकास व प्राध्यापकास तो साधत नाही, याचे कारण शब्दांचा तुटवडा हे नव्हे.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. ‘माफ’ हा शब्द हद्दपार करावा असे आम्ही म्हणत नाही. तो गोड आहे, घरगुती आहे, आणि धक्का लागल्यावर त्याच्याइतका सोयीचा दुसरा शब्द नाही. परंतु जेथे कोणाचे देणे, कोणाचा दंड किंवा कोणाचे दुःख गुंतलेले असेल, तेथे तो उच्चारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. येथे दोष घडला होता काय? जे सोडावयाचे ते सोडणाऱ्याचे स्वतःचे आहे काय? आणि सोडल्यानंतर मागे काही शिल्लक राहते काय? पहिल्याचे उत्तर नाही असे आल्यास माफीचा शब्द मागे घ्यावा. दुसऱ्याचे नाही असे आल्यास देणाऱ्याने हार घालून घेऊ नयेत. तिसऱ्याचे होय असे आल्यास ते शिल्लक काय आहे, हे समोरच्या मनुष्यास त्याच्या भाषेत समजावून सांगावे, म्हणजे पुढच्या हंगामात बँकेच्या दारात थकबाकीदार म्हणून आपले नाव ऐकण्याचा प्रसंग त्याच्यावर येणार नाही.